पाच नंबरची बाटली

तिला सगळे तराजू म्हणत. हे नाव कॉलेजात पडलं होतं. प्रात्यक्षिकाच्या तासाला बाकीच्या मुली एकदा वजन करून मोकळ्या होत. ही तीनदा करायची, आणि तिन्ही वेळा आकडा सारखाच आला तरी चौथ्यांदा करून बघावं का, अशा नजरेने काट्याकडे बघत बसायची. पुढे लग्न झालं, केस पिकायला लागले, पण नाव काही सुटलं नाही. सासूबाईसुद्धा रागावल्या की सूनबाई न म्हणता तराजूच म्हणायच्या.

टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका ग्राहक संस्थेच्या तीन खोल्या होत्या, तिथे ती काम करायची. बाजारात मिळणाऱ्या वस्तू तपासायच्या आणि महिन्याला एक पत्रिका काढून लोकांना निकाल सांगायचा, एवढंच संस्थेचं काम. पहिल्या खोलीत इस्त्र्या तापत असायच्या. दुसरीत एक यंत्र प्रवासी बॅगांच्या चेन दिवसभर उघडत-मिटत बसायचं, त्याची करकर खालच्या टाइल्सवाल्याला ऐकू जायची आणि तो महिन्यातून एकदा वर येऊन भांडून जायचा. तिसरी खोली तराजूची. एक सिंक, काचेची नळकांडी, रसातली साखर मोजायची दुर्बिणीसारखी छोटी नळी आणि पुठ्ठ्याचे आडोसे लावलेली सात टेबलं, चव बघणाऱ्यांसाठी.

संस्था जाहिराती घेत नसे. कंपनीने आपणहून पाठवलेला नमुनाही घेत नसे. वस्तू दुकानातून साध्या गिऱ्हाइकासारखी विकत आणायची, हा नियम. तो घातला होता मेट्रनने. मेट्रन म्हणजे संस्थेच्या अध्यक्ष. तीस वर्षं इस्पितळात परिचारिकांच्या प्रमुख होत्या, निवृत्त झाल्यावर इथे आल्या आणि येताना आवाज बरोबर घेऊन आल्या. त्या म्हणायच्या, "तपासणी आहे म्हटलं की वॉर्डातल्या चादरीसुद्धा बदलतात. मला न बदललेली चादर बघायचीय."

त्या वर्षी द्राक्षाच्या रसाची पाळी आली. आठ कंपन्यांच्या बाटल्या आणल्या. त्यातली पाच नंबरची बाटली सगळ्यात जास्त खपणारी. तिच्यावर लिहिलं होतं, 'शंभर टक्के पिकलेली द्राक्षं. दुसरं काही नाही.'

तराजूने साखर मोजली, आंबटपणा मोजला. मग प्रत्येक बाटलीतला थोडा थोडा रस बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला, कारण आत नेमकं काय काय मिसळलंय ते सांगणारं यंत्र संस्थेकडे नव्हतं. आठ दिवसांनी कागद आला. पाच नंबरमध्ये सॉर्बिटॉल निघालं होतं. हा साखरेचाच एक भाऊबंद. सफरचंदात आणि नासपतीत भरपूर असतो, द्राक्षात जवळजवळ नसतोच. म्हणजे शंभर टक्के द्राक्षांच्या बाटलीत सफरचंद शिरलं होतं. बाकीच्या सात बाटल्या साफ होत्या.

तराजूने तो आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग तिने एक गोष्ट केली जी ती कधी करत नसे. टेबलावर बोटांनी ताल धरला. शेजारी बसलेल्या कंपाउंडरने मान वर करून बघितलं. हा कंपाउंडर म्हणजे औषधाच्या दुकानात उभं आयुष्य काढलेला संस्थेतला तिचा सहकारी, साठी उलटलेला.

"काय सापडलं?" त्याने विचारलं.

"सफरचंद," ती म्हणाली.

"एवढं खूश व्हायला सफरचंदात काय आहे?"

तिने कागद फायलीत लावला.

चव बघण्याचं काम आधीच उरकलं होतं. सात स्वयंसेवकांनी आडोशामागे बसून आठ कपांतला रस चाखला होता आणि दहापैकी गुण दिले होते. कपावर फक्त नंबर, त्यामुळे कुठला रस कुणाचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाच नंबर शेवटून दुसरा आला. 'घशाशी ओढतो', 'फार आंबट', असे शेरे होते. पत्रिकेत तराजूने लिहिलं, 'या रसात लेबलावर नसलेलं सफरचंद आहे, आणि तरीही तो आंबटच लागतो.' शेवटच्या वाक्यावर ती मनातून खूश होती.

अंक निघाला आणि पंधरा दिवसांत दोन वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. दुकानदार बाटल्या मागच्या फळीवर सरकवायला लागले. तेव्हा कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, निकाल मागे घ्या म्हणून. आणि त्याच सकाळी वर्तमानपत्रात एक जुनं, पिवळं पडलेलं पत्र छापून आलं. त्याच्यावर मथळा होता: 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट?'

पत्र तराजूचं होतं. बावीस वर्षांपूर्वीचं. अक्षर तिचंच, खाली सही तिचीच.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. याच कंपनीच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. वर्गातल्या दोघींनी अर्ज केला, तिने आणि तिच्या जिवलग मैत्रिणीने. मैत्रीण अंगाने बारीक आणि बोलायला तुरुतुरु, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. वर्गात पहिला नंबर तराजूचा, दुसरा चिमणीचा. नोकरी चिमणीला लागली. नकाराचं पत्र आल्यावर तराजूने रागाच्या भरात उत्तर लिहिलं होतं: 'आपल्याकडे जागा मिळाली नाही याचं मला जराही वाईट वाटलेलं नाही. खरं तर मला तिथे यायचंच नव्हतं. आपला रस मला पहिल्यापासूनच बेचव वाटतो.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मेट्रनने वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"हे तुझं?"

"माझंच."

"मला का नाही सांगितलंस?"

"बावीस वर्षं झाली, मेट्रन. विसरले होते."

मेट्रन नुसत्या बघत राहिल्या. वॉर्डात एखादी पोरगी औषध वेळेवर दिलं म्हणून थाप मारायची, तेव्हाही त्या अशाच बघत असणार.

"विसरले नव्हते," तराजू म्हणाली. "विसरल्यासारखी वागत होते."

"हं. मग आता नीट ऐक. प्रश्न दोन आहेत. रस कसा आहे हा एक, आणि तू कशी आहेस हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बाटलीत आहे, ते आम्ही काढू. सगळी चाचणी पहिल्यापासून परत. बाटल्या आणणारी माणसं वेगळी, दुकानं वेगळी. लेबलं मी स्वतः काढणार, खुणा मी घालणार, कुठली खूण कुणाची ते पाकिटात बंद. दोन निराळ्या प्रयोगशाळांकडे पाठवणार. निकाल उघडायला कंपनीच्या माणसाला बोलावणार. आणि तोवर तू या पायऱ्या चढायच्या नाहीत."

"आकडा खरा आहे, मेट्रन. मी त्यात काही मिसळलेलं नाही."

"मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग?"

तराजू घरी बसली. एकवीस वर्षांच्या नोकरीत ती तापानेसुद्धा इतके दिवस घरी राहिली नव्हती. तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे संसार. पहिल्या दिवशी तिने त्याची सुयांची डबी लावली. दुसऱ्या दिवशी बटणं आकाराप्रमाणे वेगळी केली. तिसऱ्या दिवशी तिने त्याची मोजायची फीत पोलादी पट्टीला लावून बघितली आणि जाहीर केलं, "अहो, ही ताणली गेलीय. मीटरमागे चार मिलिमीटर."

"असू दे," नवरा म्हणाला. "माझी गिऱ्हाइकं मीटरमागे चार किलोने वाढलीत, तेवढं सैल झालेलं बरंच."

ती हसली नाही. एरवी हसली असती.

येणारी-जाणारी गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून घ्यायची. एका बाईने ब्लाउजचं माप देता देता विचारलंच, "तुम्हीच ना त्या द्राक्षवाल्या?" नवऱ्याने तोंडातल्या टाचण्या न काढताच "हात वर करा" म्हणून विषय तोडला.

चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात सासूबाईंना शेंगा सोलायला मदत करत होती. न राहवून तिने मन मोकळं केलं. "आई, एवढी वर्षं मी प्रामाणिकपणे काम केलं. कुणाच्या चहाला मिंधी नाही. आणि एका जुन्या कागदावरून सगळे म्हणतात हिच्या पोटात जळतंय. तुम्हीच सांगा, मी तशी आहे का?"

सासूबाईंनी एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"तू लबाड नाहीस," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांग. या घरात त्यांची बाटली कधी आलीय का?"

"कुणाची?"

"त्याच कंपनीची. रस राहू दे. त्यांचा मुरंबा, त्यांचं लोणचं, सरबत, काहीतरी? लग्न होऊन आलीस त्या वर्षी मी एकदा त्यांचं सरबत आणलं होतं. तू ते शेजारणीला देऊन टाकलंस. म्हणालीस, चांगलं नसतं. मी म्हटलं, शिकलेली मुलगी आहे, काहीतरी तपासलं असेल. मग परत आणलं नाही. तपासलं होतंस का गं?"

तराजूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर. सोल आता, अजून निम्म्या राहिल्यात."

शेंगा संपल्यावर तिने कपाटातून आपली खिशात मावणारी वही काढली. चाचणीच्या दिवशी जे जे घडेल ते ती या वहीत टिपून ठेवायची, किती वाजता सुरू केलं, कोण उशिरा आलं, कपात किती घातलं. चव बघण्याच्या दिवसाचं पान तिने उघडलं. वर लिहिलं होतं: 'धुतलेले कप कमी. उशीर. सर्वांना एकच क्रम.' खाली क्रम होता: तीन, सात, एक, आठ, दोन, चार, पाच, सहा.

तिने ते पान दोनदा वाचलं, मग साखरेच्या आकड्यांचं पान काढून शेजारी धरलं.

चार नंबरचा रस आठांत सगळ्यात गोड होता. नुसता पाक. आणि त्याच्या मागोमाग पाच. गोडावर काहीही चाखलं तर आंबट लागतं, हे लहान पोरालाही कळतं. लाडू खाऊन चहा प्यायला की चहा पांचट लागतो. म्हणूनच संस्थेचा नियम होता की प्रत्येक चाखणाऱ्याला कप वेगळ्या क्रमाने द्यायचे, म्हणजे एकाच रसावर सगळा अन्याय होत नाही. तो नियम संस्थेच्या नियमपुस्तकात चौदाव्या पानावर होता. तिनेच लिहिलेला. तिच्याच अक्षरात.

त्या दिवशी कप खरंच कमी होते. गडबड खरंच झाली होती. एकच क्रम ठेवू या, हे ती घाईत म्हणाली होती हेही तिला आठवलं. पण चारनंतर पाच कुणी ठेवला? तिनेच. आणि साखरेचे आकडे तिला आधीच माहीत होते. मुद्दाम ठेवला का? ती पलंगावर बसून आठवत राहिली. ते कप मांडतानाचा आपला हात तिला दिसत होता, पण त्या वेळी डोक्यात काय होतं ते काही केल्या दिसेना. नाही, मुद्दाम नाही, असं ती स्वतःला सांगे; आणि लगेच वाटे, मग उलटा का नाही ठेवला? आधी पाच, मग चार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेट्रनच्या घरी गेली. पायऱ्या चढायच्या नाहीत असा हुकूम होता, तो संस्थेच्या पायऱ्यांपुरता, असा तिने अर्थ लावला.

मेट्रन कुंड्यांना पाणी घालत होत्या. तराजूने उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि वही पुढे केली. मेट्रनने झारी खाली ठेवली, हात पुसले, पान वाचलं.

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय."

"कंपनीला कळण्याचा काही मार्ग?"

"नाही. वही माझ्याच कपाटात होती."

मेट्रनने वही मिटली. मग म्हणाल्या, "हे छापावं लागेल."

"म्हणूनच आणली."

"ते लोक म्हणतील, बघा, चवीचं खोटं होतं तर सफरचंदाचंही खोटं असेल. कागदांवर कागद येतील. संस्थेला जड जाईल."

"हो."

"तुलाही जाईल."

"माझं काय व्हायचं ते होऊ दे, मेट्रन. पण चव बघायची असेल तर या वेळी क्रम बदलून बघा."

"मला शिकवू नकोस," मेट्रन म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा नव्हता. "चहा घेणारेस का? बस मग."

पंधरा दिवसांनी निकाल उघडायचा दिवस ठरला. तिसऱ्या खोलीत मेट्रन, कंपाउंडर आणि दोन स्वयंसेवक बसले होते. तराजूला दाराशी खुर्ची दिली होती, टेबलापासून लांब. कंपनीकडून दोघं आले. एक तो वकील, आणि दुसरी त्यांच्या प्रयोगशाळेची प्रमुख. चिमणी.

आता ती चिमणी राहिली नव्हती. अंगाने भरली होती, चालणं सावकाश झालं होतं, चष्म्याला दोरी होती. तिने तराजूकडे बघून मान हलवली. तराजूनेही हलवली. बावीस वर्षांत दोघींची एवढीच भेट.

कंपाउंडरने आधी दोन्ही प्रयोगशाळांचे कागद वाचले. दोघांनीही एकाच खुणेच्या बाटलीत सॉर्बिटॉल दाखवलं होतं, 'घ' या खुणेच्या. आकडेही जवळजवळ सारखे. मग मेट्रनने वकिलाच्या हातात बंद पाकीट दिलं आणि फोडायला सांगितलं. वकिलाने फोडलं, यादी वाचली आणि टेबलावर ठेवली. 'घ' त्यांचीच होती.

"आता चव," मेट्रन म्हणाल्या.

कंपाउंडरने दुसरा कागद घेतला. वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या. "पहिला नंबर 'ख'. दुसरा नंबर..." तो थांबला. "दुसरा नंबर 'घ'."

बाजूच्या खोलीतल्या बॅगेच्या चेनची करकर तेवढी चालू होती.

"म्हणजे लबाडी आहे," कंपाउंडर म्हणाला, "पण प्यायला छान आहे."

"आम्ही छापलं होतं की चवीला शेवटून दुसरा," मेट्रन वकिलाकडे वळून म्हणाल्या. "ती चूक आमची. कशी झाली तेही छापणार आहोत, वहीच्या पानासकट. सफरचंद मात्र तुमचं."

वकिलाने विचारलं, "कुठलं वहीचं पान?" मेट्रनने ते त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, मग परत वाचलं. तसला कागद समोरचा माणूस आपणहून काढून देतो हे बहुधा त्याने प्रथमच बघितलं असावं. फोन करायला म्हणून तो खाली गेला आणि बराच वेळ आला नाही.

मेट्रनने बाकीच्यांना घेऊन पुढच्या खोलीत चहा मांडला. चिमणी उठली नाही. ती तराजूच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"पत्र मीच दिलं," ती म्हणाली. नमस्कार-चमत्कार काही नाही. "वकिलाने विचारलं, या बाईंबद्दल फायलीत काही आहे का. मी म्हटलं, आहे. शोधून दिलं."

"मला वाटलंच."

"राग आला?"

"आला. पण पत्र माझंच होतं. तू काही लिहून घेतलं नव्हतंस."

चिमणीने पिशवीतून एक छोटा डबा काढला. त्यात हिरव्या द्राक्षांचा अर्धा घोस होता. "खाऊन बघ."

"आम्ही भेटी घेत नाही."

"अगं भेट कसली, चार मणी आहेत. खा म्हणते ना."

तराजूने एक मणी तोंडात टाकला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. दात शिवशिवले.

"यंदाचा माल," चिमणी म्हणाली. "ऊन पडलंच नाही. साखर भरायच्या आत दव आलं, मणी सडायला लागले म्हणून लवकर काढले. ट्रकच्या ट्रक असे आले. असा रस बाटलीत भरला असता तर दुसऱ्या दिवशी परत आला असता. वरच्यांनी सांगितलं, सफरचंद घाला. मी म्हटलं, घाला, पण लेबल बदला. तर म्हणे लेबलं आधीच छापून आलीत, पुढच्या खेपेला बघू."

"आणि तू सही केलीस."

"केली," चिमणी म्हणाली. "सफरचंद काही विष नाही, असं म्हणून केली."

तराजू उठली. तिने डब्यातला आणखी एक मणी घेतला, बोटांत दाबला, त्याचा एक थेंब साखर मोजायच्या नळीच्या काचेवर पाडला आणि खिडकीकडे तोंड करून डोळा लावला.

"किती?" चिमणीने विचारलं.

"तेरा टक्के."

"बघू." चिमणीने नळी घेतली, चष्मा कपाळावर सारला, डोळा लावला. "साडेबारा."

"तेरा आहे. नीट धर."

"साडेबारा, तराजू. तुझी नजर गेलीय."

दोघींनी काच पुसून दुसरा थेंब घेतला. बारा पूर्णांक आठ आलं. यावर दोघींचं एकमत झालं.

मग चिमणी म्हणाली, "तुला का घेतलं नाही ते ठाऊक आहे का तुला?"

"नाही. तू जास्त गोड बोललीस असं मी धरून चालले होते."

"मुलाखतीला टेबलावर त्यांचा नवा तराजू ठेवला होता. तुला एक पूड मोजायला दिली. तू म्हणालीस, आधी हा तराजू सपाटीत नाही, डावीकडे कलतोय, यावर कुणीच काही मोजू नये. साहेबांनी तो त्याच आठवड्यात हौसेने आणला होता. बाहेर येऊन तूच मला सांगितलंस आणि हसत होतीस."

तराजूला आठवलं. इतकी वर्षं तिने हे नेमकं बाजूला ठेवलं होतं.

"कलत होताच तो," ती म्हणाली.

"होता ना. मला पण दिसलं होतं. मी गप्प बसून पूड मोजली. नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात पायाखाली पत्रा घालून सरळ करून घेतला." चिमणीने डब्याचं झाकण लावलं. "तू आली असतीस तर ही लेबलं बाजारात गेली नसती. आणि तुला सहा महिन्यांत काढलं असतं."

तराजूने यावर वाद घातला नाही.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर दोन गोष्टी शेजारी शेजारी छापल्या. डावीकडे, सफरचंद दोन नव्या चाचण्यांतही सापडल्याचा निकाल. उजवीकडे, 'आमची चूक' या मथळ्याखाली वहीचं पान, चारनंतर पाच कसा आला ते, आणि तराजूने लिहिलेल्या सात ओळी. तिने लिहिलं होतं की बावीस वर्षांपूर्वी या कंपनीने मला नाकारलं होतं, ते मी संस्थेला सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. कपांचा क्रम मी मुद्दाम लावला नाही असं मला वाटतं, पण खात्री देता येत नाही, आणि खात्री देता येत नाही म्हणून ते गुण रद्द समजावेत. कंपाउंडरने ते वाचून सुचवलं की शेवटी माफीचं एखादं बरं वाक्य घाल. तिने घातलं नाही. त्याऐवजी नवे गुण छापले.

पत्रं आली. काहींनी सभासदत्व सोडलं; एकाने लिहिलं, तुमच्यावर विश्वास ठेवून इस्त्री घेतली होती, आता तीही तापते की नाही याची शंका येते. काही नवे सभासद झाले. नफा-तोटा बघता संस्था होती तिथेच राहिली. कंपनीने वकील मागे घेतला आणि तीन महिन्यांनी लेबल बदललं. 'शंभर टक्के' गेलं, 'द्राक्ष आणि सफरचंद' आलं. सफरचंदाचं अक्षर जरा बारीक होतं, पण होतं. खप कमी झाला नाही. लोकांना ती चव आवडतच होती.

चिमणीला कुणी काही बोललं नाही, कारण लेबल बदला असं तिने लिहून दिलेला कागद फायलीत निघाला. तिलाही कागद जपून ठेवायची सवय होती. ती आता अधूनमधून फोन करते. बहुतेक वेळा आकड्यांवरून भांडण होतं.

सासूबाईंनी एक दिवस नव्या लेबलाची बाटली आणली आणि चौघांना पुरेल एवढी मोठी आणली, घरात तिघंच असताना. तराजूने अर्धा कप घेतला. "बरा आहे," ती म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "बरा नाही, चांगला आहे," आणि आपला कप परत भरला.

मेट्रनने तराजूला वर्षभर खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवलं आणि घडीच्या शिड्या तपासायला दिल्या. आणि एक नवा फॉर्म काढला. प्रत्येक चाचणीआधी प्रत्येकाने लिहून द्यायचं, या कंपनीशी तुमचं देणं-घेणं, नातं, मैत्री किंवा भांडण आहे का. बहुतेकांनी 'नाही' एवढंच लिहिलं. कंपाउंडरने मात्र दोन पानं भरली. एका शिडीवाल्याचा मेहुणा त्याच्या शाळेत होता आणि त्याने पट्टी परत केली नव्हती. दुसऱ्या कंपनीच्या शिडीवरून तो स्वतः तरुणपणी पडला होता, पण त्यात दोष शिडीचा नव्हता. तिसऱ्याच्या जाहिरातीतली बाई त्याला आवडायची. मेट्रनने ते वाचून त्याला पंख्यांच्या विभागात पाठवलं.

तराजूने आपल्या फॉर्मवर सगळ्या शिडीवाल्यांची नावं एकेक करून वाचली, प्रत्येक नावापुढे थोडा वेळ थांबली आणि मग सही केली. त्या सकाळी दहा शिड्या आल्या होत्या. तिने पहिली उघडली, वाळूच्या पिशव्या वजनकाट्यावर ठेवल्या आणि एकेक करून वरच्या पायरीवर चढवायला सुरुवात केली.